आंब्यांची पेटी आली

सातवीच्या वर्गाला मी एकदा 'माय टीचर' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीच्या वहीतली पहिली ओळ होती, 'अवर इंग्लिश टीचर आर व्हेरी गुड.' दुसरी, 'दे टीच अस विथ लव्ह.' मी लाल पेनानं 'आर' खोडलं, 'दे' खोडलं, वर 'इज' आणि 'शी' लिहिलं, 'टीच'ला 'टीचेस' केलं आणि वही परत दिली. मधल्या सुट्टीत ती वही छातीशी धरून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई, हे तुमच्याविषयीच लिहिलंय. तुम्हाला 'शी इज' कसं म्हणू? बरं दिसतं का?"

मी आधी हसले. मग वही पुन्हा उघडली आणि जरा ओशाळले. पोरीनं मला दिलेला मानच मी लाल शाईनं खोडला होता. तिच्या डोक्यात कर्त्याप्रमाणे क्रियापद चालवायचा नियम नव्हता असं नाही. तो पक्का होता. बाई आल्या, बाई शिकवतात, बाई रागावल्या. कर्ता आदराचा, म्हणून क्रियापद अनेकवचनी. तिनं तिचं काम चोख केलं होतं, फक्त व्याकरण मराठीचं होतं आणि शब्द इंग्रजीचे.

त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी हा धडा कधी 'थर्ड पर्सन सिंग्युलरला एस लावा' या वाक्यानं सुरू केला नाही. हे लिहायला बसले तेही त्यासाठीच. ज्यांची मुलं मराठी शाळेत इंग्रजी शिकतात त्या पालकांना, आणि गावोगावच्या वर्गांत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे, की कर्ता-क्रियापदाचा मेळ मुलांना शून्यातून शिकवायचा नसतो. तो त्यांना शाळेत येण्याआधीच येतो. आधी तो त्यांच्या तोंडून बाहेर काढा, मग इंग्रजीकडे वळा.

किती येतो ते बघा. 'जाणे' हे एक क्रियापद घ्या. जातो, जाते, जातोस, जातेस, जातं, जाता, जातात. साध्या वर्तमानकाळात सात रूपं. भूतकाळात गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेलात, गेल्या. नऊ झाली. चार वर्षांचं मूल ही सगळी रूपं जिथली तिथं वापरतं, कुणी तक्ता लावून शिकवलेलं नसताना. (कोल्हापूरकडची मुलगी 'मी जातो' म्हणते तेव्हा तिचंही चुकत नाही. तिकडचा नियम तसा आहे आणि ती तो पाळते.) आता इंग्रजी बघा. वर्तमानकाळात 'गो' आणि 'गोज'. भूतकाळात सगळ्यांना मिळून एक 'वेंट'. मुलगा गेला, मुलगी गेली, बाया गेल्या, सगळे 'वेंट'.

आणि आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. मुलानं आंबा खाल्ला, मुलानं पोळी खाल्ली. इथं क्रियापद मुलाकडे ढुंकूनही बघत नाही, ते कर्माच्या मागे जातं. रामानं रावणाला मारलं. इथं ते कर्त्यालाही विचारत नाही आणि कर्मालाही नाही. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं मुलांना पुढे परीक्षेसाठी पाठ करावी लागतात आणि तिथं ती गडबडतात. पण बोलताना 'मी पोळी खाल्ला' असं म्हणणारं मराठी घरातलं पोर मी पाहिलं नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. एवढ्या मोठ्या पंडितांना ज्याची मांडणी करायला अशी मेहनत पडली, ते तुमचं पोर अंगणात गोट्या खेळता खेळता वापरत असतं. त्याला 'तुला साधं एस लावता येत नाही?' असं म्हणण्याआधी एवढं आठवावं.

मग एस लावायचं का राहतं?

एक कारण असं, की त्या एसवाचून कुणाचं अडत नाही. 'माय ब्रदर गो टू स्कूल' म्हटलं तरी कोण जातो ते ऐकणाऱ्याला कळतंच. मराठीत तसं नाही. नुसतं 'गेली' म्हटलं की कोणीतरी बाईमाणूस गेलं, हे कळतं; कर्ता न बोलताही चालतो. आपलं क्रियापद माणसाची ओळख सांगतं. इंग्रजीत कर्ता गाळायची सोय नाही, म्हणून शेपटीला फारसं काम उरलेलं नाही. ती नुसती रीत म्हणून राहिली आहे. इंग्रजांची स्वतःची मुलंही ही शेपटी उशिराच उचलतात. रॉजर ब्राऊन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तीन लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं नोंदवून 1973 साली पुस्तक लिहिलं. त्यात आढळलं, की 'इंग' लवकर येतं, अनेकवचनाचा एस लवकर येतो आणि क्रियापदाचा एस बराच नंतर. ज्यांची ती मायबोली त्यांची ही गत. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोककडची जुनी माणसं तर आपल्या बोलीत 'शी गो' असंच म्हणत आली आहेत. परीक्षेत ते चालणार नाही, हे उघड आहे. पण चूक किती मोठी, हे ठरवताना हे माहीत असलेलं बरं. मूल सहावीत एस विसरतं म्हणून ते इंग्रजीत कच्चं, असा निकाल देऊ नका. त्याच्या वयाला तो विसरायचाच असतो.

आता करायचं काय, ते सांगते.

उन्हाळ्यात रत्नागिरीहून आंब्यांची पेटी येते. मूल ओरडत आत येतं, 'आई, आंब्यांची पेटी आली!' इथंच थांबवा त्याला. विचारा, 'आली' का म्हणालास? आंबे तर डझनभर आहेत. 'आंब्यांची पेटी आले' का नाही म्हणालास? ते तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल आणि म्हणेल, 'पेटी आली ना!' झालं. 'द बॉक्स ऑफ मँगोज इज हेवी' या वाक्यात 'इज' का आणि 'आर' का नाही, हे त्याला आता कुणी शिकवायला नको. इंग्रजी वाक्यात 'मँगोज' हा शब्द क्रियापदाला खेटून बसलेला असतो, म्हणून कान फसतो आणि हात 'आर' लिहून मोकळा होतो. आंबे मध्ये कडमडले तरी आलेली वस्तू पेटीच आहे, हे मराठीतून लख्ख दिसतं.

'वन ऑफ माय फ्रेंड्स' या वाक्यानं मोठमोठ्यांना घाम फोडला आहे. अर्जांत, भाषणांत, लग्नपत्रिकांच्या मजकुरातसुद्धा मी 'वन ऑफ माय फ्रेंड आर' पाहिलं आहे. पोराला मराठीत म्हणायला लावा, 'माझ्या मैत्रिणींपैकी एक पुण्याला राहते.' कुणीही 'राहतात' म्हणत नाही. मैत्रिणी पुष्कळ, म्हणून 'फ्रेंड्स'. राहणारी एकटी, म्हणून 'लिव्ह्ज'. दोन्ही एस कुठून आले ते एका मराठी वाक्यानं दाखवलं. तसंच 'ब्रेड अँड बटर इज'चं. दोन वस्तू असताना 'इज' कसं, असं मुलं हटकून विचारतात आणि विचारावंच. आपण 'वरणभात झाला' म्हणतो की 'वरणभात झाले'? पानात दोन जिन्नस असले तरी जेवणारा त्याला एकच समजतो.

'एव्हरीबडी'चा घोळ मात्र आपणच घालतो, कारण आपण त्याचा अर्थ 'सगळे' असा सांगतो. सगळे आले, सगळे जातात, मग 'एव्हरीबडी गो' यात पोराची काय चूक? अर्थ सांगतानाच 'प्रत्येकजण' असा सांगा. प्रत्येकजण येतो. लगेच 'एव्हरीबडी कम्स' जिभेवर येतं. वर्षभर दहा नियम घोकून जे साधत नाही ते कधीकधी नेमका मराठी शब्द निवडल्यानं साधतं. आपले आजोबा-पणजोबा दुसऱ्या एका तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकले, ते याच वाटेनं. मधल्या काळात वर्गात मराठी बोलणं म्हणजे कमीपणा, अशी हवा आली. मला ती हवा कधी मानवली नाही.

पण मराठी प्रत्येक ठिकाणी हात धरते असं समजू नका. काही जागी ती हमखास खड्ड्यात नेते, आणि ते खड्डे शिक्षकाला पाठ हवेत. पालकांनाही ठाऊक असले तर फार बरं.

पहिला खड्डा त्या मुलीच्या वहीत होता तोच. आजोबा आले, बाबा गेले, सर रागावले. मराठी मूल मोठ्या माणसाला एकवचनात बोलत नाही, म्हणून 'माय फादर गो टू द फील्ड' आणि 'माय ग्रँडफादर आर ओल्ड' या चुका अडाणीपणाच्या नसतात, संस्काराच्या असतात. त्या मुलीला मी जे सांगितलं ते तुम्हीही सांगून बघा. इंग्रजीत पूर्वी 'तू'साठी 'दाऊ' होतं आणि 'यू' हे अनेकवचनी होतं, आपल्या 'तुम्ही'सारखं. मोठ्या माणसाला मान द्यायचा तर 'यू' म्हणायचे. मान देता देता सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणू लागले आणि 'दाऊ' बिचारं मागे पडलं. म्हणून तर समोर एकटा माणूस असला तरी 'यू आर'. म्हणजे समोरच्याला इंग्रजी आजही अहो-जाहोच करते, मग तो राष्ट्रपती असो की शेजारचा बंड्या. फक्त पाठीमागे बोलताना ती कुणाची भीड धरत नाही. माणूस एक, तर 'इज'. मुलीनं विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्यासमोर 'यू आर', आणि घरी सांगताना 'शी इज'." यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

त्याच ओघात मी वर्गाला 'दाऊ गोएस्ट'ही सांगून टाकायची. जुन्या इंग्रजीत 'तू'च्या क्रियापदाला ही अशी शेपटी होती आणि 'तो'च्या क्रियापदाला 'एथ'. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात 'ही गोएथ' अशीच रूपं आहेत. उत्तर इंग्लंडच्या बोलीतला एस हळूहळू लंडनला पोहोचला आणि त्यानं 'एथ'ला हुसकावलं. फळ्यावर एकाखाली एक लिहायचं: तू जातोस, दाऊ गोएस्ट. आपला स 'तू'ला, त्यांचा एस आता 'ही'ला. पाठ्यपुस्तकात यातलं काही नाही, परीक्षेलाही नाही. पण हा नियम कुणीतरी छळायला काढलेला नाही, त्यालाही काही गोष्ट आहे, एवढं मुलांना कळलं की त्यांचा त्याच्यावरचा राग जरा कमी होतो.

दुसरा खड्डा जास्त खोल, कारण तो दिसत नाही. 'तिला आंबे आवडतात.' या वाक्याचं इंग्रजी मूल 'शी लाइक मँगोज' असं करतं. का? मराठीत 'आवडतात' हे आंब्यांमुळे आलं आहे. एक आंबा असता तर 'आवडतो' झालं असतं. आपलं क्रियापद आंब्यांच्या मागे गेलं, म्हणून मुलाच्या मनात क्रियापद अनेकवचनी बसलं आणि एस गळाला. 'तिला दोन भाऊ आहेत'चंही तेच. 'आहेत' भावांमुळे, म्हणून 'शी हॅव टू ब्रदर्स'. इथं मुलाला सरळ सांगायचं की इंग्रजी क्रियापद आवडणाऱ्याकडे बघतं, आवडीच्या वस्तूकडे कधीच नाही. आंबा एक असो, पेटी असो, 'शी लाइक्स'. भाऊ दोन असोत की पाच, 'शी हॅज'. आणि यासाठीच मराठीशी तुलना करताना कर्त्याला 'नं' लागलेली भूतकाळातली वाक्यं घेऊ नयेत. 'मुलानं पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीचं झालेलं असतं. ते उदाहरण घेऊन कर्ता शोधायला बसलात तर तुम्हीही अडकाल आणि पोरही. 'मुलगा पोळी खातो', 'मुलगी आंबा खाते', अशी रोजची, साध्या वर्तमानकाळातली वाक्यं घ्या. तिथं दोन्ही भाषा एका रस्त्यानं चालतात.

तिसऱ्या प्रकारात भांडण मोजण्यावरून आहे. आपले केस गळतात, पिकतात, वाढतात. इंग्रजीत डोक्यावरचा सगळा 'हेअर' मिळून एक. आपले पैसे संपतात, त्यांचा 'मनी' संपतो. आपले गहू चांगले निघतात, पोहे मऊ होतात, पण इंग्रजीत 'व्हीट इज गुड' आणि 'राइस इज'. उलट आपली कात्री एक, आपला चष्मा एक, आणि त्यांची 'सिझर्स' न् 'स्पेक्टॅकल्स' मात्र 'आर', कारण त्यांनी पाती आणि भिंगं मोजली. टीव्हीवर आपल्या बातम्या लागतात, त्यांची 'न्यूज' एस असूनही एकटी. 'द पोलीस' एस नसूनही घोळक्यानं येतात. यात तर्क शोधत बसू नये. घरातल्याच वस्तू आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवत महिनाभर बोललं की कानाला सवय होते. आरशासमोर पोरीची वेणी घालताना 'युवर हेअर इज लाँग' हे वाक्य दहा वेळा बोलून होतं. त्यासाठी वही लागत नाही.

'डू' आणि 'डझ' शिकवताना मी छत्रीचा दाखला द्यायची. घरात छत्री एकच. जो आधी बाहेर पडेल तो ती घेऊन जाईल. 'शी गोज' म्हणताना एस 'गो'पाशी होता. 'नाही' म्हणायचं झालं किंवा प्रश्न विचारायचा झाला की पुढे 'डू' जातो, मग छत्री त्याच्या हातात. 'शी डझन्ट गो.' मागे राहिलेला 'गो' बिनछत्रीचा. 'शी डझन्ट गोज' म्हणजे एका घरात दोन छत्र्या झाल्या. मुलांना हे पटतं. भूतकाळातही तोच न्याय, 'डिड' पुढे गेला की 'वेंट'चा 'गो' होतो. हीच छत्री काही शिक्षक नामालाही लावतात: 'बॉइज'ला एस असेल तर 'रन'ला नको, 'बॉय'ला नसेल तर 'रन्स'ला हवा. ऐकायला छान वाटतं. पण 'चिल्ड्रन प्ले', 'आय प्ले' इथं छत्री कुठेच नाही आणि 'द बस स्टॉप्स'मध्ये नामाच्या शेवटी एस आहेच. तेव्हा ती युक्ती जपून वापरा. 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांच्या घरी तर छत्री घेण्याची पद्धतच नाही, एवढं सांगून पुढे जावं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. माझ्या वर्गात एक मुलगा वहीत 'ही आस्क्स' बरोबर लिहायचा आणि वाचताना 'ही आस्क' म्हणायचा. मी वर्षभर त्याचं व्याकरण सुधारत होते. मग एक दिवस त्याला एकटा बसवून 'आस्क्स' शब्द म्हणायला लावला, तर जीभच वळेना. स, क, पुन्हा स, आणि नंतर स्वर नाही. मराठीत अशी अक्षरं शब्दाच्या शेवटी एकावर एक येत नाहीत. त्याला व्याकरण येत होतं, उच्चार जमत नव्हता. असा संशय आला तर आधी 'रीड्स', 'प्लेज', 'वॉचेस' असे तोंडात बसणारे शब्द द्या आणि 'आस्क्स', 'रेस्ट्स' पुढे ढकला. तसंच, 'ही इज गोइंग टू स्कूल डेली' असं जी मुलं सारखं बोलतात, ती बहुतेक वेळा एसच्या वाटेतून बाजूला झालेली असतात. 'इज गोइंग'मध्ये धोका नाही, हे त्यांनी ओळखलेलं असतं. हुशारी आहे ती, पण रोजच्या सवयीसाठी 'गोज'च हवं, हे हळूच सांगावं.

शिक्षकांना एक वेगळी विनंती. रेन आणि मार्टिनचं व्याकरण आपल्या सगळ्यांच्या कपाटात असतं. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी त्यांचीच. त्या पुस्तकातलं कर्ता-क्रियापदाचं प्रकरण उघडलं की 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'ॲज वेल ॲज' असे नियमांमागून नियम निघतात. चांगलं पुस्तक आहे, पण ज्या वर्गाला अजून 'माय मदर कुक्स' नीट म्हणता येत नाही त्यांच्यापुढे 'नायदर-नॉर' मांडणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला विहिरीचा खोलपणा समजावण्यासारखं आहे. ते नियम दहावीत बघू. आधी घरातली माणसं एसवर चालू द्या.

आणि प्रत्येक चुकीला मुलाला अडवू नका. 'माय सिस्टर प्ले क्रिकेट' असं ते उत्साहानं सांगत असताना आपण 'प्लेज! प्लेज!' असं ओरडलो, की बहिणीचं क्रिकेट तिथंच राहतं आणि पुढच्या वेळी पोर तोंडच उघडत नाही. त्यापेक्षा म्हणावं, 'ओ, शी प्लेज क्रिकेट? व्हेअर डझ शी प्ले?' बरोबर रूप त्याच्या कानावर गेलं, छत्री पुढे गेलेलीही ऐकू आली, आणि गप्पा थांबल्या नाहीत. लिहिलेलं तपासताना मात्र पूर्ण कडक राहा, पण एका वेळी एकच गोष्ट तपासा. निबंध लिहून झाला की मुलाला पेन्सिल द्यावी. त्यानं प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी, 'कोण?' असं विचारावं, आणि उत्तर ज्या शब्दात असेल तिथपर्यंत बाण काढावा. बाण आंब्यांवर जातो की पेटीवर, हे तेवढ्यात कळतं. स्पेलिंग, शुद्धलेखन, विरामचिन्हं यांच्यासाठी वेगळी फेरी. रिकाम्या जागांमध्ये पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं निबंधात एस विसरतात. लिहिताना त्यांचं लक्ष गोष्टीकडे असतं आणि तिथंच असायला हवं. एस शोधायला ही दुसरी फेरी आहे.

राहिला प्रश्न ज्या पालकांना वाटतं की आपल्याला इंग्रजी येत नाही, मग आपण काय करणार. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची पोरं आता शाळेत आहेत. त्यांना थोडंफार येतं. त्याआधीच्यांना पाचवीपासूनचं इंग्रजी, तेही बरंचसं विसरलेलं. पण वर मी जे सांगितलं त्यातलं निम्मं काम मराठीत आहे. 'पेटी आली की आंबे आले?' हा प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. 'आवडतात' हे कुणामुळे झालं, हे मुलाइतकंच तुम्हालाही सांगता येतं. पोळ्या लाटता लाटता विचारता येतं.

सुरुवात आजोबांपासून करावी, असं माझं मत आहे. आजोबा सकाळी किती वाजता उठतात, चहा आधी घेतात की पेपर आधी वाचतात, कुणाशी गप्पा मारतात, दुपारी किती वेळ झोपतात आणि झोपलो नव्हतो म्हणतात, हे नातवंडाला सगळं ठाऊक असतं. त्यानं ते पाच-सहा वाक्यांत इंग्रजीत सांगावं. 'माय ग्रँडफादर गेट्स अप ॲट फाइव्ह. ही ड्रिंक्स टी. ही रीड्स द पेपर.' रोज एक वाक्य वाढवावं. आणि हे सांगताना आजोबांना समोर खुर्चीवर बसवून ठेवावं, म्हणजे 'ही' म्हटल्यावर ते खरोखर रागावतात का, तेही एकदा बघून होईल.